वास ओळखणारी

कसालहून तोंडवलीला निघताना सारिकाच्या मांडीवर एक चपटी पेटी होती. आत ओळीनं पेनं. शाईच्या जागी वास भरलेला: लवंग, संत्रं, कॉफी, केळं. मेंदूच्या एका सर्वेक्षणात ती गावोगाव म्हाताऱ्यांची नाकं तपासत फिरायची. लोक फिदीफिदी हसायचे. पण नाव-गाव विसरायला लागण्याच्या कितीतरी वर्षं आधी काहींचं नाक विझत जातं, हे तिनं पुण्याला शिकताना वाचलं होतं आणि आता रोज डोळ्यांनी पाहत होती.

आजचं नाक मात्र घरचं होतं. सत्यवती मावशी. लग्न न करता डोक्यावर सुक्या माशांची टोपली घेऊन बाजार पालथे घातले, आणि त्या टोपलीवर या भाचीला शिकवलं. गेल्या वर्षी या मावशीनं सडलेल्या बांगड्यांचं तिखलं केलं आणि मिटक्या मारत खाल्लं. सारिकानं ताट सरकवून सांगितलं, हिला डॉक्टरकडे न्या. तेव्हा गुणाजीमामा खो खो हसला होता. "नाक बंद झाला म्हणान माणूस येडो जाता काय गो? शिकलंस ता आमकाच शिकय आता!"

आता मावशी माणसं विसरायला लागली होती. आजार बरा होत नाही, पण वेळेत पकडला तर त्याची चाल मंदावता येते. उद्याची डॉक्टरची वेळ सारिकानं घेऊनच ठेवली होती. आज तपासायचं, उद्या न्यायचं. वर्ष फुकट गेलंच होतं, आणखी एक दिवस घालवायचा नव्हता.

दुपार कलली होती. मामाच्या खळ्यात माडाखाली पितरांसाठी केळीचं पान मांडलेलं, भातावर काळे तीळ, आणि भोवती कावळ्यांची झुंबड.

"मामा, आज कोणाचो म्हाळ?"

गुणाजीमामानं पानाची पिंक टाकली. तिच्याकडे न बघता म्हणाला, "सत्यवतीचो."

सारिकाच्या हातातली पेटी निसटता निसटता राहिली. "मावशी गेली? आणि आमका कळवलास नाय?"

"गेली म्हणजे... आसा हयच. खोलयेत."

"म्हणजे जिती आसा?"

"बाई आसा. सत्यवती नाय." मामाचा आवाज एकदम खाली आला. "माका इचारल्यान, तू कोण रे? सख्ख्या भावाक! रातभर कोणाशी तरी बोला होती. आमी देवाक कौल लावलो. सत्यवती गेली काय, सांग. देवान उजवो कौल दिल्यान. मगे माका सांग, आत आसा ता कोण?"

सारिकाचं डोकं पेटलं. "आजार आसा तो, मामा! डोक्याचो! जित्या माणसाचा श्राद्ध घालतास? लाज नाय वाटणा?"

"खोलयेची चावी दिवे लागल्यार काढतलंय," मामा करगोट्याला बांधलेली चावी चाचपत म्हणाला. "आत म्हाळाचा पान ठेवलाहा. ता खाऊक लागता."

ती तरातरा आत गेली. माजघराच्या टोकाला सुक्या माशांची खोली. तिथं खाऱ्या बांगड्यांचा वास असणारच, ती त्याच वासात वाढली होती. पण त्याखालून दुसरंच काहीतरी येत होतं. गोडसर. चिकट. घशाच्या आत जाऊन बसणारं.

"कसली घाण ही?"

"पानां," विनीतामामी पदर तोंडाला लावून कुजबुजली. "कौल झाल्यापासून रोज एक आत सरकवतत. दिलेला पान परत उचलूचा नाय, म्हणतत तुझे मामा..."

म्हणजे दिवसेंदिवसाचं अन्न आत कुजत होतं आणि त्यात एक माणूस कोंडलं होतं. सारिका दाराशी उकिडवी बसली. जुन्या फळ्यांमध्ये वरपासून खालपर्यंत बोटभर फट. आत काळोख.

"मावशे, मी सारिका. ओळखलंस?"

आतून कुणीतरी लांब श्वास ओढल्यासारखं झालं.

एवढं तरी करू, म्हणून तिनं पेन उघडून फटीशी धरलं. "कसलो वास गो?"

"...लवंग."

आवाज मावशीचाच होता. सारिकाला रडूच फुटलं. म्हणजे नाक अजून पुरतं विझलं नव्हतं! दुसरं पेन उघडलं.

"संत्रा."

"बघा!" ती मागे वळून ओरडली. "ह्या माणसाचो तुमी म्हाळ घातलास!"

मामी जागची हलली नाही. तिची नजर दारावर खिळलेली. "सारिका... तिच्याशी बोला नको गो..."

सारिकानं तिसरं, केळ्याचं पेन हातात घेतलं. टोपण अजून काढलंही नव्हतं.

"केळा," आतून आवाज आला.

तिचा हात थांबला.

"हाताक घाम सुटलो तुझ्या..." आवाज फटीच्या अगदी जवळ. "सकाळी नाचण्याची भाकरी खाल्लंस... पोटात आसा अजून... जवळ ये... अजून जवळ..."

फटीतून ऊन हवा तिच्या गालावर आली, आणि तिच्याबरोबर तो गोडसर वास. सारिका ताडकन उठली. भीती होती, पण किळस त्याहून मोठी, आणि संताप सगळ्यांत मोठा. खळ्यात जाऊन तिनं मामाच्या कमरेची चावी हिसकली. करगोटा तुटला. तो "नको गो, नको" करत मागून धावला, तोवर कुलूप निघालं होतं.

आत पानांचा चिखल. भाताला बुरशीची लव, डाळीत वळवळणारे पांढरे किडे, त्यावर माश्यांचं काळं झाकण. पाय घोट्यापर्यंत रुतला. मावशी दारात नव्हतीच. पार पलीकडच्या भिंतीला टेकवून ठेवली होती. डोळे अर्धे मिटलेले, छाती जेमतेम हलत होती.

हनुवटीखालून डोक्यापर्यंत फडका घट्ट आवळला होता, प्रेताचा आवळतात तसा. आणि दोन्ही नाकपुड्यांत कापूस.

"हे कधी केलास?" सारिकाचा आवाज तिलाच ओळखू येईना.

"सकाळी..." मामी दारातूनच म्हणाली. "म्हाळाच्या आधी. ह्येनी बांधल्यानी."

सकाळपासून हे तोंड उघडलं नव्हतं. हे नाक काहीच हुंगत नव्हतं.

सारिकानं गाठ सोडली, कापूस ओढून काढला. आतून पिवळट लाळेचा गोळा तिच्या तळहातावर पडला. तिनं तो साडीला पुसला, तोंड फिरवून ओकली, आणि पुन्हा वळून मावशीला दोन्ही हातांनी उचलून बाहेर आणलं. सुक्या माशासारखी हलकी झाली होती. मामी न सांगता रिक्षा आणायला धावत सुटली.

"न्हे," मामा भिंतीला चिकटून म्हणाला. "हिका घेवन जा. पण दार लावक होया."

तो घाईघाईनं कुलूप अडकवू लागला.

"रिकाम्या खोलीक कुलूप कित्या, मामा?" तिनं तुसड्या आवाजात विचारलं. मावशीचा दुबळा, खरखरीत श्वास तिच्या खांद्यावर पडत होता.

मामानं कुलूप दाबून बसवलं.

फटीच्या अगदी तळाशी, जमिनीलगत, आतून कुणीतरी हुंगलं. मग थोडं वर. मग आणखी वर, फळीला घासत, सावकाश... आणि सारिकाच्या तोंडासमोर येऊन ते थांबलं.