पंपघरामागचं ऊन

मला साठावं लागलं त्या महिन्यात डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, "आता जपून." जपून म्हणजे काय, ते त्यांनाही नीट सांगता येईना. नजरेच्या मधोमध एक डाग धरला होता. तो वाढणार, वर्षभरात बारीक काही दिसणार नाही, एवढंच. वर म्हणाले, उन्हात बसू नका. मी ऑइलमध्ये बाहेरची चित्रं काढते, माळ आणि फुलं. उन्हात नको तर काय कपाटात बसून काढू? तसं मी बोलूनही दाखवलं. ताईने माझा हात दाबला आणि माझ्या वतीने त्यांची माफी मागितली.

ताई माझी थोरली बहीण. पस्तीस वर्षं नर्स होती, आता निवृत्त. घरात आम्ही दोघीच. माझ्या डोळ्यांत थेंब तीच घालते, दिवसातून चारदा, आणि दर थेंबामागे दोन शब्द सुनावते. मला एकच मोठं चित्र पुरं करायचं होतं, दिसतंय तोवर. दुसरं काही मागणं नव्हतं.

जागा मी आधीच हेरून ठेवली होती. वस्तीबाहेर पाणीपुरवठ्याचं बंद पडलेलं पंपघर आहे. विटांची भिंत, तीन पायऱ्या, गंजलेलं दार आणि बाजूच्या उतारावर पिवळी रानफुलं, मधेच जांभळ्या फुलांचा एक पट्टा. सकाळी भिंतीची सावली त्यांच्यावर तिरकी पडते. उन्हातलं पिवळं आणि सावलीतलं पिवळं यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. बघणाऱ्याला ते एकच फूल वाटतं, मला त्यासाठी चार ट्यूबा पिळाव्या लागतात.

तिथे एक पहारेकरी असतो. बंद पंपांवर पहारा कशाला, ते तोच जाणे. पहिल्या दिवशी मी ईझल उभा करत होते तेव्हा लांबूनच म्हणाला, "बाई, जरा अलीकडे बसा की. फुलं इकडेही आहेत."

"इकडची सपक आहेत."

"मग बसा. मी आपलं सांगितलं." आणि खुर्ची उचलून तो फाटकाकडे गेला.

बाहेर काम करणाऱ्याला एक नियम पाळावाच लागतो. ऊन कुणासाठी थांबत नाही. म्हणून आल्याआल्या, दहा मिनिटांत, पातळ तपकिरी रंगाने आधी सावल्या मांडून घ्यायच्या. मग त्या हलल्या तरी त्यांच्यामागे धावायचं नाही. धावलात की चित्रात सकाळ, दुपार, संध्याकाळ सगळं एकात एक होऊन बसतं. माझ्या मास्तरांनी हे बोटांवर पट्टी मारून शिकवलं होतं. चाळीस वर्षांत मी तो नियम एकदाही मोडला नव्हता. दोन तास काम, की सामान आवरायचं.

त्या सकाळी सावली मांडली आणि कामाला लागले. डाग चुकवून बघायला मान वाकडी करावी लागते, त्यामुळे हात हळू चालत होता. मधेच ब्रश पॅलेटवर टेकवला तर पांढऱ्या रंगावर साय धरलेली. इतक्यात? थर्मासमधला चहा गार झाला होता. घड्याळ पाहिलं, पाऊण वाजला होता. समोर भिंतीची सावली मात्र नऊला होती तिथेच, जांभळ्या पट्ट्याच्या काठाशी.

मी ब्रश टर्पेंटाइनच्या डब्यात टाकला. सावली सर्रकन भिंतीखाली गेली.

डोळे, म्हटलं. डोळ्यांचंच काहीतरी. घरी ताईला बोलले नाही, लगेच टॉर्च घेऊन बसली असती.

पण अशी मनाची समजूत काढून गप्प बसणारी बाई मी नाही. दुसऱ्या दिवशी दोन जुने ब्रश नेले आणि दांडे वर करून मातीत रोवले. एक चित्रात येणाऱ्या जागेत, दुसरा चित्राच्या कडेबाहेर. दोघांत जेमतेम पाच पावलं. सावल्यांच्या टोकांशी एकेक खडा ठेवला. तीन तास काम केलं आणि हातातला ब्रश न सोडता उठून पाहिलं. बाहेरच्या दांड्याची सावली खडा सोडून चांगली वीतभर आखडली होती. आतल्याची खड्यालाच टेकलेली. बाहेरच्या फुलांवर मधमाश्यांचा गोंगाट चालला होता. आत एकही नव्हती.

घाबरले का? अजिबात नाही. खरं सांगते, मोठ्याने हसले. जन्मभर त्या उन्हाने मला पळवलं. आता डोळे जायच्या वेळी ते माझ्यापुढे बसून राहणार असेल, तर मी कशाला उठू? डॉक्टरांनी वर्ष दिलं होतं. मी एकाच सकाळीत हवं तितकं बसणार होते.

महिनाभर मी तीच सकाळ रंगवली. बाहेरची फुलं सुकून काड्या झाल्या, आतली ताजीच. पहारेकरी रोज लांबून बघायचा. एकदा म्हणाला, "त्यात माणूस तेवढा घेऊ नका हं, बाई."

"मी माणसं काढतच नाही. फार बोलतात."

तो हसला नाही.

मग एके दिवशी ताई आली. माझे दुपारचे थेंब महिनाभर बुडत होते आणि तिची सहनशक्ती संपली होती. औषधाची बाटली मुठीत धरूनच ती चढ चढून आली.

"ऊठ. डोळे फुकट घालवतेयस."

"माझे आहेत. ठेवीन नाहीतर घालवीन."

"आणि मग चाचपडत बसशील तेव्हा कोण आहे गं बघायला?"

"तू आहेसच की."

"आहे ना! आहे म्हणून तर हा माज." ती तरातरा फुलं तुडवत गेली आणि पंपघराच्या मधल्या पायरीवर बसली, थेट माझ्या चित्राच्या मधोमध. "काढ आता तुझं चित्र. मी इथून हलत नाही."

हट्ट आमच्या रक्तातलाच. मी संतापले, आणि त्याच वेळी मला दिसलं की चित्राला हेच हवं होतं. पायरीवरचा तो करडा, ताठ आकार. महिनाभर काहीतरी राहिलंय असं वाटत होतं ते हेच. मनाने नाही म्हणायच्या आत हात पुढे गेला. पातळ तपकिरी रंग. सवयीने आधी सावली.

तासाभराने ती कंटाळून उठली. आकार लागला होता, म्हणून मीही आवरलं. तिच्याकडून मुकाट्याने थेंब घालून घेतले. आम्ही फाटकातून बाहेर पडलो तेव्हा पहारेकऱ्याने आम्हाला पाहिलं आणि खुर्ची भिंतीकडे फिरवून बसला.

ऊन डोक्यावर आलं होतं. माझी सावली पायाशी गोळा झाली होती. ताईची मात्र डावीकडे लांब पडली होती, सकाळची. कोपऱ्यावर आम्ही वळलो. ती सावलीही ताईबरोबर वळली आणि डावीकडेच राहिली.

"काय बघतेस?" ताईने विचारलं.

"काही नाही."

दुपारी मी ताट वाढलं तर म्हणाली, "आत्ताच तर नाश्ता झाला." रात्री म्हणाली, "झोपू कशी? आत्ताच तर उठले." चार वेळा माझ्या डोळ्यांत थेंब घातले आणि चारही वेळा म्हणाली, "हे सकाळचे." दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तिचे गाल बसले होते आणि ती हसून सांगत होती की तिला कसं ताजंतवानं वाटतंय. तीन दिवसांत तिने अन्नाचा कण घेतला नव्हता, पापणी मिटली नव्हती. असं माणूस किती दिवस टिकतं, ते तिनेच मला कधीतरी सांगितलं होतं.

मी चित्र उचललं आणि पंपघर गाठलं.

आधी सुरीने तिची सावली खरवडली. टर्पेंटाइनचा बोळा घासला. वरचा रंग निघाला, पण खालचा तपकिरी रंगाचा पातळ हात एका दिवसात वाळतो आणि कापडात शिरतो. तो निघेना. कॅनव्हास फाडावा असं मनात आलं. पण चित्रातल्या पायरीवर ताई बसली होती. सुरी खाली ठेवली.

"थांबायचंय ना तुला?" मी उन्हाला म्हटलं, अगदी मोठ्याने. "बघतेच कसं थांबतंस ते."

आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा नियम मोडला. चित्रातली भिंतीची सावली बोटभर आखूड केली.

समोरची बोटभर आखडली.

ताईची केली. मग पुन्हा भिंतीची. मी त्या उन्हाला मानगुटीला धरून ओढत नेलं. दहा. अकरा. दुपार. सावल्या पलीकडे कलल्या. महिनाभर जपलेलं पिवळं माझ्याच ब्रशखाली चिखल झालं. होऊ दे.

हात भरून आले. डाग पसरत होता. मी थांबले नाही.

फुलं राखाडी झाली. पायरी दिसेनाशी झाली. चित्रात आणि समोर एकदमच संध्याकाळ झाली, आणि मी ब्रश ठेवला.

पहारेकरी फाटकाशी उभा होता. "बाई," तो हळूच म्हणाला, "संध्याकाळवर का सोडलंत?"

मी भराभर सामान आवरलं. मला घरी जायचं होतं.

ताई जेवून झोपली होती. ताट घासून उपडं घातलं होतं. दिव्याखाली तिची सावली तिच्या अंगाखालीच होती, जिथे असायला हवी तिथे. मी जमिनीवर बसून पोटभर रडले.

सकाळी उठले तेव्हा ती खिडकीशी खुर्चीत बसली होती. ऊन थेट तिच्या तोंडावर पडलं होतं.

"दिवा लाव गं," ती म्हणाली.

मी तिच्यासमोर वाकले. ऊन सरळ तिच्या डोळ्यांत जात होतं. बाहुल्या मात्र मोठ्या, काळ्या होत्या, अंधारात होतात तशा.

मी दिवा लावला. मग कोरा कॅनव्हास काढला. पांढऱ्या आणि पिवळ्याच्या नव्या ट्यूबा पिशवीत टाकल्या. संध्याकाळ मी केली, तर सकाळही मीच करीन. माझ्या नजरेतल्या डागाला आता दार नीट दिसू देणंही जिवावर येत होतं. येऊ दे. कडी चाचपून काढली.

"आता कुठं निघालीस?" ताई मागून म्हणाली. "अंधार पडलाय. सकाळी जा."