घणाशेजारचं घर

“हे बघ ताई, ती माणसं आली की तू चहा द्यायचा आणि आत जायचं. बोलायचं काम माझं.”

कित्येक वर्षांनी घरात पाऊल ठेवलेल्या धाकट्या भावाचं हे पहिलं वाक्य! ना ‘कशी आहेस’, ना ‘किती वाळलीस’. ताईने ‘बरं’ म्हटलं, हात पुसले आणि त्याच्यामागे अवघडून उभ्या असलेल्या बायकोच्या कडेवरून छोट्या चिमणीला आपल्याकडे घेतलं. पोर अनोळखी आत्याच्या खांद्यावर निमूट विसावली, आणि ताईच्या अंतःकरणात वर्षानुवर्षं कोरडं पडलेलं काहीतरी भरून आलं... तिने तोंड फिरवलं आणि चहाचं आधण ठेवलं.

घर विकायचं होतं. आता हे घर विकणं म्हणजे काही खायचं काम नव्हतं. मागे लोखंडाचा कारखाना, पुढे मालमोटारींचा रस्ता, आणि आजूबाजूची बिऱ्हाडं तर केव्हाच गाशा गुंडाळून गेलेली. कारखान्यात एक अवाढव्य यांत्रिक घण होता. तापलेल्या लोखंडावर तो दिवसभर एकाच लयीत पडायचा, आणि प्रत्येक घावासरशी या घराची जमीन पायाखाली दचकायची. फडताळातल्या दोन बशांमध्ये फडक्याची घडी घालावी लागायची. भिंतीवर तसबीर सरळ राहील तर शपथ. इथली माणसं बोलायचीसुद्धा घणाच्या सवडीने, अर्धं वाक्य, मग घाव, मग उरलेलं अर्धं. नव्या पाहुण्याला वाटावं, अख्खं घरच तोतरं आहे! आणि ऐकू आलं नाही तर ‘काय म्हणालीस’ असं विचारण्यात अर्थ नसायचा, कारण तो प्रश्नही घणाखालीच जायचा. त्यापेक्षा मान हलवून मोकळं व्हायचं, अशी या घराला खोड लागली होती. धाकट्याला तर ती सगळ्यांपेक्षा जास्त होती.

दलाल वस्ताद निघाला. गिऱ्हाइकाला कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशीच आणायचं, असं त्याने ठरवलं. त्या दिवशी घण गप्प असतो, मोटारी नसतात, आणि घर असं काही निरागस दिसतं की बघणाऱ्याने भुलावं. धाकट्याला ते पटलं. त्याने फोनवर ताईला तसं कळवलं आणि शेवटी, जरा थांबून, कोरड्या आवाजात म्हणाला, घर विकलं गेलं की तू आमच्याकडे राहायला ये. त्या एका वाक्यावर ताई गेले कित्येक दिवस जगत होती. त्यात माया नव्हती, नुसतं कर्तव्य होतं, हे तिला कळत होतं. पण आपल्या हातांनी वाढवलेला भाऊ रोज डोळ्यांसमोर दिसेल, एवढंच तिला पुरेसं होतं.

कारण या भावाने तिचं नाव टाकलं होतं, आणि त्यामागे जे होतं ते एकट्या तिलाच माहीत होतं.

ताईचं लग्न ठरलं होतं तेव्हाची गोष्ट. आई दम्याने अंथरुणाला खिळली होती, मागच्या खोलीत, कारखान्याच्या भिंतीला लागून. त्या दुपारी लग्नाचे कपडे आणायला ताई शिंप्याकडे निघाली. दारात थांबून तिने पुस्तकात डोकं घालून बसलेल्या धाकट्याला सांगितलं, आईपाशी जाऊन बस, मी आलेच. त्याने वर पाहिलं, मान हलवली. ती गेली... लग्नाच्या घाईत, घाव पडतोय की सवड आहे हे न बघता, एका दमात बोलून ती निघून गेली! परत आली तेव्हा आई पलंगाखाली निष्प्राण पडली होती. औषधाची बाटली हाताच्या अंतरावर होती. आईने किती हाका मारल्या असतील, कुणाला ठाऊक. पुढच्या खोलीत धाकटा मोठमोठ्याने धडा पाठ करत होता.

वडील कामावरून धावत आले. त्यांनी एकच विचारलं, कुणाला सांगून गेली होतीस? ताईने भिंतीला चिकटून उभ्या असलेल्या त्या एवढ्याशा पोराकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर आकांत होता, पण अपराध नव्हता. त्याला काही ऐकूच आलं नव्हतं, हे तिला त्या क्षणी उमगलं. दोष कुणाच्या तरी माथी बसणारच होता, मग तो या कोवळ्या जिवाच्या माथी का? ती म्हणाली, “कुणालाच नाही.”

मग जे व्हायचं ते झालं. आईला मरणाच्या दारात टाकून नटायला गेलेली मुलगी आम्हाला नको, असा निरोप मुलाकडच्यांनी पाठवला. वडील शेवटपर्यंत तिच्या हातचं जेवले, पण तिच्याशी बोलले नाहीत. आणि धाकटा मोठा झाला, शिकला, दूर निघून गेला, तो ‘हिने माझ्या आईला मारलं’ हे मनात घट्ट धरून. ताईने कधी अवाक्षर काढलं नाही. त्याचं आयुष्य हलकं राहिलं, एवढीच तिची कमाई होती.

सुट्टीच्या दिवशी गिऱ्हाईक आलं. शाळेतला एक तरुण मास्तर आणि त्याची म्हातारी आई. धाकट्याने दोघांना घर फिरवून दाखवलं, ताईने बशांमधली फडकी आदल्या दिवशीच काढून ठेवली होती. चहा देताना ती ‘साखर’ म्हणाली, थांबली, आणि मग ‘बरोबर आहे ना’ असं मोठ्या आवाजात म्हणाली; शांत खोलीत ते इतकं विचित्र वाटलं, की मास्तरांनी हळूच धाकट्याला विचारलं, यांची तब्येत बरी नसते का? धाकट्याने ताईकडे पाहून डोळे वटारले. ताई आत निघालीच होती, एवढ्यात म्हातारी काठी टेकत मागच्या खोलीत शिरली, खिडकीशी उभी राहिली आणि हरखून गेली.

“माझा पलंग इथेच टाक बाबा,” ती मुलाला म्हणाली. “मला दम लागतो, गडबड सोसत नाही. इथे कशी निवांत पडून राहीन.”

ताईचे पाय जमिनीला खिळले. तोच कोपरा, तीच भिंत! तिच्या मनात कुणीतरी ओरडत होतं, गप्प बस, तुझा काय संबंध, तुझा भाऊ तुला परत मिळतोय... आणि समोर ती म्हातारी पलंग कसा लावायचा ते काठीने जमिनीवर आखून दाखवत होती. भावाचं घर, चिमणी, म्हातारपणाचा आधार, सगळं या एका क्षणावर टांगलेलं होतं.

“आजी, या खोलीत राहू नका,” ताई म्हणाली. “आज सुट्टी आहे. उद्या सकाळी मागचा घण सुरू होईल. मग या खोलीतून कितीही हाका मारल्या, तरी पुढे ऐकू जात नाहीत.”

मास्तरांनी चहाचा कप अर्धाच खाली ठेवला. निघताना त्यांनी ताईला हात जोडले, धाकट्याकडे मात्र पाहिलंही नाही.

ते गेल्यावर धाकट्याने दार लावून घेतलं. मग बोलला ते इतक्या शांतपणे, की त्याने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

“आईच्या हाका ऐकायला तू घरात नव्हतीस. आणि आज परक्या म्हातारीचा कळवळा आला तुला? उद्या दलालाचा हिशोब मिटवतो आणि जातो मी. तू राहा इथेच. याच घरात सड.”

ताईने ऐकून घेतलं. ऐकून घ्यायची तिला सवय होती. फक्त चिमणीला झोपवताना तिने पोरीचा हात जरा जास्त वेळ हातात धरून ठेवला.

सकाळी घण सुरू झाला. पहिल्या घावाला धाकट्याच्या बायकोच्या हातून कप पडला; लग्नानंतर ती या घरी पहिल्यांदाच आली होती, तीही काल, घण बंद असताना. धाकटा पुढच्या खोलीत दलालाचे कागद चाळत बसला होता. खांद्यावर टॉवेल टाकून बायको दारात आली, आपण अंघोळीला जातोय, दार उघडं आहे, चिमणीकडे बघा, असं म्हणाली. त्याने वर पाहिलं, मान हलवली. ती गेली.

ताई स्वयंपाकघरात होती. पोर कुठे दिसेना म्हणून ती बाहेर डोकावली. पुढची खोली ओलांडून तिची नजर उघड्या दारापलीकडे गेली, आणि ती अनवाणी धावत सुटली. मालमोटार रस्त्यात आडवी होऊन थांबली होती. चाकांसमोर चिमणी मांडी घालून बसली होती, खडे वेचत. ड्रायव्हर खाली उतरून उभा होता. त्याने किती भोंगे वाजवले होते ते तो हातवारे करून सांगत होता. ताईने पोरीला उराशी घट्ट धरलं. अंगावर ओरखडाही नव्हता. ताई तिला तशीच घेऊन घरात आली.

“मी तुम्हाला सांगून गेले होते!” बायकोने हंबरडा फोडला. ओल्या केसांनी तशीच धावत आली होती ती. “तुम्ही मान हलवलीत, मी बघितलं. मान हलवलीत तुम्ही!”

“मला काही... ऐकूच आलं नाही,” धाकटा म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

आणि ताईच्या तोंडून, केवळ त्याला वाचवायला, जन्मभराच्या सवयीने शब्द निघून गेले. “त्याला बोलू नकोस गं. त्याला ऐकू येत नाही आणि तो मान हलवतो, लहानपणापासूनची खोड आहे त्याची. चूक सांगणाऱ्याची असते. घाव पडून गेला की मग सांगायचं.”

बोलून झाल्यावर तिला कळलं आपण काय बोललो ते. पण शब्द गेले ते गेले...

धाकटा तिच्याकडे पाहत राहिला. घाव पडला. आणखी एक पडला. “ताई,” तो म्हणाला, “त्या दिवशी जाताना तू दारात थांबली होतीस.”

“कधी? मला नाही आठवत.”

“मला आठवतं. मी पुस्तकातून वर बघितलं होतं. तुझे ओठ हलत होते, ताई.”

“शिंप्याचं काहीतरी सांगत असेन रे.”

“मी मान हलवली होती?”

“नाही.” तिने इतक्या तातडीने सांगितलं, की त्या तातडीनेच घात केला.

तो मटकन खाली बसला. मोठा झालेला, केस पिकू लागलेला तो पुरुष जमिनीवर बसून लहान मुलासारखा हमसून हमसून रडू लागला, आणि मधूनमधून एवढंच विचारत राहिला, बाबांना का नाही सांगितलंस, मला का नाही सांगितलंस. ताईने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. खरं कळेल आणि भाऊ आपल्या कुशीत येईल, असं स्वप्न तिने तरुणपणी कधीतरी पाहिलं होतं. पण आज ते प्रत्यक्षात आलं, आणि तिला आनंद झाला नाही. जे ओझं त्याच्या वाट्याला येऊ नये म्हणून तिने लग्न गमावलं, वडिलांचा शब्द गमावला, ते अखेर तिच्याच जिभेने त्याच्या खांद्यावर टाकलं होतं! ती त्याच्या केसांवरून हात फिरवत राहिली.

“तू एवढासा होतास रे,” ती शेवटी म्हणाली.

धाकटा स्वतः मास्तरांच्या घरी गेला आणि लपवाछपवीबद्दल माफी मागून आला. घर शेवटी कारखान्यानेच मातीमोल भावात घेतलं, गुदामासाठी. आणि धाकटा ताईला आपल्याकडे घेऊन गेला. या वेळी कर्तव्य म्हणून नव्हे, तर तिची पेटी स्वतः डोक्यावर घेऊन.

त्याचं घर बऱ्या वस्तीत होतं. इतकं शांत, की पहिले काही दिवस ताईला चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. त्याने तिला आपल्या शेजारची खोली दिली. खोलीचं दार बिजागऱ्यांसकट उतरवून माळ्यावर टाकलं. चिमणी तिच्याच अंथरुणात लोळायची, भावजय ‘वन्सं, वन्सं’ करत मागेपुढे असायची. कुणालाही वाटावं, ताईचे भोग सरले.

पण धाकटा हसायचा बंद झाला. तो हातातलं काम टाकून मध्येच उठायचा, तिच्या खोलीशी येऊन उभा राहायचा आणि विचारायचा, “ताई, हाक मारलीस?” ती म्हणायची, नाही रे. तो परत जायचा, खुर्चीत बसायचा, कान देऊन. थोड्या वेळाने पुन्हा यायचा. जेवता जेवता उठायचा. कामावरून फोन करून बायकोला विचारायचा, ताई हाक मारत नाही ना? बायको कोपऱ्यात डोळे पुसायची. कोणाची हाक त्याला ऐकू येत होती, ते त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

एका दुपारी तो असाच आला. चेहरा ओढलेला, हात चौकटीवर. “ताई, हाक मारलीस का?”

ताईने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्यासाठी ती याआधीही खोटं बोलली होती. आता पुन्हा बोलायला तिला क्षणही लागला नाही.

“हो रे राजा,” ती म्हणाली, “मारली ना. केव्हाची मारतेय. घसा कोरडा पडलाय, पाणी दे जरा.”

त्याच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. तो धावत गेला, भरलेला पेला घेऊन आला, आणि ती पिईपर्यंत जवळ उकिडवा बसून राहिला. ताईला तहान नव्हती. तिने तो पेला शेवटच्या थेंबापर्यंत संपवला. मग त्याच्या हातात परत दिला, तो चौकटीपाशी पोचेपर्यंत थांबली, आणि त्याला स्वच्छ ऐकू जाईल अशा बेताने तिने त्याला पुन्हा हाक मारली.