बरणीतलं बोटभर पाणी

पेट्रोल म्हणजे दूध, नासतं, असं मधुसूदन चव्हाण भेटेल त्याला ऐकवायचे. कॅन दोन बोटं सोडून गच्च भरा, सावलीत ठेवा, वर तारीख लिहा, तीन महिन्यांत संपवा. हवाई दलाच्या इंधन विभागात तीस वर्षं काढलेला साताऱ्याचा माणूस. बख्शी का तालाबच्या हवाई तळावरून निवृत्त होऊन जवळच्या शहरात, तेलीबागेत घर केलं, तरी खोड काही गेली नाही. आता गोमतीच्या घाटावर बचाव पथकाच्या मोटरबोटींचं पेट्रोल ते सांभाळायचे. रोज सकाळी कॅनच्या तळाचं पेट्रोल काचेच्या बरणीत काढायचं आणि उजेडात धरायचं. पाणी नाही, गाळ नाही, की झालं.

छठ, मावळत्या सूर्याला नदीत उभं राहून अर्घ्य द्यायचा सण, आठ दिवसांवर आली आणि बरणीच्या तळाला बोटभर पाणी दिसलं.

हल्लीचं पेट्रोल ओल धरतं, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी कॅन रिकामा केला, नवा आणला, दुसऱ्या पंपावरून भरला, झाकण स्वतः आवळलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोटभर पाणी. तिसऱ्या दिवशी त्यात गाळही होता, गोमतीचा काळा, शेवाळाच्या वासाचा. भरून तास झालेल्या पेट्रोलला वर्षभर पडून राहिल्यासारखा वार्निशचा वास यायला लागला. तो वास त्यांनी ओळखला.

दोन वर्षांपूर्वीच्या पुरात हाच वास होता. हिवाळ्यापासून पडून असलेला अर्धा कॅन ओतून द्यायचा, तर मधुसूदनरावांनी कंटाळा केला. वरून ताजं पेट्रोल भरलं आणि त्या दिवसाची तारीख घातली. जन्मात न केलेली चूक! त्या पेट्रोलवर पथकाचा नावाडी हरिहर निषाद बोट घेऊन गेला. पुलाखाली इंजिन बंद पडलं, तो परत आला नाही. चौकशीत ठरलं की हरिहरनंच टाकीत पाणी जाऊ दिलं. त्याच्या बायकोनं, पद्मानं, लोकांचे टोमणे खाली मान घालून ऐकले, आणि मधुसूदनरावांनी तोंडातून ब्र काढला नाही.

यंदा छठला त्याच बोटीवर पथकाकडून त्यांची मुलगी अबोली बसणार होती.

"बाबा, पेट्रोल दो ना, तीन बज गए," छठच्या दुपारी अबोली म्हणाली.

"थांब गं जरा."

त्यांनी बरणी उजेडात धरली. स्वच्छ. आठ दिवसांत पहिल्यांदा पाण्याचा थेंब नव्हता. आनंद व्हायला हवा होता, पण त्यांनी ती पुन्हा एकदा उजेडात धरली.

"वल्ही तरी घे बरोबर."

"ली हैं, बाबा. आप भी ना!"

कॅन गेला. बरणी कट्ट्यावर राहिली.

पाचच्या सुमाराला घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. बायका कमरेइतक्या पाण्यात सूप धरून उभ्या होत्या, त्यांत पद्माही होती. अबोलीची बोट पलीकडून गस्त घालत होती. सूर्य टेकला. मधुसूदनरावांची नजर सहज बरणीकडे गेली.

तळाला बोटभर काळं पाणी.

त्याच क्षणी इंजिन बंद पडलं.

बोट पुलाच्या खांबांकडे वाहायला लागली. अबोली वल्ही मारत होती, पण प्रवाह आवरत नव्हता. मधुसूदनराव चपलांसकट पाण्यात उतरले.

"अबोली!"

पुढचं कसं तोंडातून निघालं, ते त्यांचं त्यांना कळलं नाही.

"हरिहर की गलती नहीं थी! डिब्बा मैंने भरा था! तारीख मैंने झूठी लिखी थी!"

गाणी थांबली. लोक वळून बघायला लागले.

पुलाखाली इंजिन सुरू झालं.

अबोलीनं बोट काठाला लावली. तिच्या हातांत अजून वल्ही धरलेलीच होती.

"बाबा, इंजन की रस्सी मैंने नहीं खींची."

त्यांनी तिला घट्ट जवळ घेतलं आणि ते लहान मुलासारखे रडले. मग पाण्यातूनच पद्मासमोर गेले. हात जोडले.

हातातलं सूप हलणार नाही, इतक्या सावकाश पद्मानं त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर ना राग होता, ना आश्चर्य.

"मुझे मालूम है, भाईसाहब," ती म्हणाली. "वो रोज़ बताते हैं."