खैरदुर्गाची समुद्रदिंडी

पूर्वेकडील डोंगराआड तांबडे फुटले, तेव्हा खैरदुर्गाचा काळा तट अजून धुक्यात होता. पण बारा दिवस त्याला वेढून बसलेली बंडखोर हणगोजी सावळ्याची गलबते मात्र भुकेल्या सुसरींसारखी पाण्यावर स्पष्ट दिसत होती.

किल्लेदार हारोबा झिराडकर बुरुजावर उभे होते. कमरेला तलवार नव्हती, कारण तो शनिवार होता. ज्यांचे घाणे शनिवारी थांबत म्हणून कोकणात ज्यांना शनिवार तेली म्हणत, त्या बेने इस्राएल यहुद्यांपैकी हे घराणे. आज्याने घाणा सोडून सरखेलांच्या आरमारात तलवार धरली आणि नातू किल्लेदारीला चढला. शब्बाथाच्या दिवशी हारोबा अग्नी पेटवीत नसत, शस्त्र बांधीत नसत, वेढा पडल्यापासून तर त्या दिवशी किल्ल्यांचा जुडगाही सरनोबताच्या हवाली करीत. ओठांवर एक हिब्रू स्तोत्र असे, त्यांच्या समाजाच्या काजींनी अर्थासह शिकवलेले. देवाचे भय धरणाऱ्या नायकाचे आयुष्य कसे धन्य होते, हे सांगणारे. आता धन्य म्हणजे सुखी, असे मात्र कोणी समजू नये. हारोबांना त्या गडावर सुख असे नव्हतेच.

सरनोबत जावजी काठे वीस वर्षे किल्लेदारीवर डोळा ठेवून होता. "तेल्यानं गड राखायचा आणि काठ्यांनी मुजरे करायचे!" असे तो चारचौघांत म्हणे. वेढा पडताच हारोबांनी किनाऱ्यावरची चारशे कोळी माणसे आत घेतली आणि घरच्या कणग्या त्यांना मोकळ्या केल्या, तेव्हापासून तर त्याच्या जिभेला धारच चढली होती.

पहिल्या प्रहरी पांढरे निशाण लावलेला मचवा आला. जासुदाने सदरेवर एक मंदील आणि खलिता ठेवला. कारकुनाने वाचले: "तुमच्या कुमकेचे आरमार आम्ही बुडविले. तुमचे चिरंजीव बनाजी आमचे कैदेत आहेत. समुद्रदिंडी उघडाल तर पुत्र पावेल. न उघडाल तर उद्या त्याचा उजवा हात पाठवू. बहुत काय लिहिणे."

"बोला, किल्लेदार!" जावजी हसला. "आता कुठलं स्तोत्र म्हणता?"

म्हातारे सुभानजी नाईक कळवळून म्हणाले, "पोटचा गोळा आहे, हारोबाजी. उघडा दिंडी. कोणी नावं ठेवायचं नाही."

कुमक मागायला रात्री होडीने गेलेल्या मुलाचा मंदील हारोबांनी मांडीवर घेतला. बोटे थरथरत होती. "पोर माझा, नाईक. गड सरखेलांचा. आणि आत आलेली माणसं देवानं माझ्या ओटीत घातलेली. माझा एक वाचवायला त्यांची शंभर पोरं मारेकऱ्यांच्या पुढ्यात टाकू? जासूद, तुमच्या धन्यास सांगा, दिंडी बंदच राहील."

"काळीज आहे की घाण्याचा दगड?" जावजी कडाडला.

"काळीजच आहे, सरनोबत. म्हणून तर हात लपवता येत नाहीत."

सदर उठली, ती किल्लेदाराकडे पाठ फिरवूनच उठली. मुजरा एकानेही केला नाही.

खरी गोष्ट सदरेवर जावजीखेरीज कोणालाच ठाऊक नव्हती. जावजीने हणगोजीला आधीच कळवले होते: "शनिवारी सांजभरतीला दिंडीशी या. किल्ल्या माझ्यापाशी असतात, आणि तेली रविवारचा सूर्य उगवेतो शस्त्राला शिवत नाही." त्याच्या वाडवडिलांचा वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत चाले, तेल्याचाही तसाच चालत असणार, हे त्याने गृहीत धरले. मागल्या शनिवारी हारोबा जखमींपाशी बसून राहिले आणि किल्ल्या त्यांनी सकाळी परत घेतल्या, तेव्हा तर त्याची खात्रीच पटली. वीस वर्षे एका गडावर राहिला, पण या माणसाचा दिवस केव्हा सुरू होतो आणि केव्हा सरतो, हे त्याने एकदाही विचारले नाही. द्वेषाला चौकशीची सवय नसते.

सूर्य बुडाला. पश्चिमेला एक तारा दिसला, मग दुसरा, मग तिसरा. शब्बाथ सरला. हारोबांनी हात जोडून देवाचे नाव घेतले, तलवार बांधली, आणि तशा वार्तेनंतर स्वस्थ बसवेना म्हणून किल्ल्या घ्यायला स्वतःच निघाले. जावजी घरी नव्हता. समुद्रदिंडीवरचे पहारेकरीही जागेवर नव्हते. पायऱ्या उतरून पाहतात तो कुलूप जमिनीवर, आणि जावजी दोन्ही हातांनी अडसर ओढतो आहे!

"अडसर सोडा, सरनोबत."

जावजी दचकून वळला. तलवार पाहून त्याचे डोळे विस्फारले. "अरे, शनिवार आहे आज! तुझा धर्म बुडेल!"

"आमचा शनिवार ताऱ्यांबरोबर सरतो. आणि सरला नसता, तरी चारशे जिवांसाठी मी तो मोडला असता. माझा देव तुमच्यापेक्षा मला बरा ओळखतो."

जावजीचा वार हारोबांच्या खांद्यात रुतला. त्यांनी त्याला मुठीच्या एका घावात लोळवले, अडसर परत रेटला आणि दिंडीला पाठ लावून हाक दिली. बाहेरून कुऱ्हाडी पडू लागल्या. प्रत्येक घाव फळीतून त्यांच्या पाठीत उतरत होता. एवढ्यात वल्ही, कोयते, हाती लागेल ते घेऊन कोळी धावले आणि दिंडीला खांदे लावून उभे राहिले. वरून गोलंदाज धर्मा भंडाऱ्याने तोफ डागली. दिंडीपुढच्या अरुंद खाचेत दाटलेल्या होड्यांपैकी दोन फुटल्या, बाकीच्या एकमेकींवर आदळत मागे हटल्या.

दुसऱ्या दिवशी भरतीबरोबर एक करंडी दिंडीशी लागली. आत काय होते ते हारोबांनी कोणाला पाहू दिले नाही. तटाखाली स्वतःच खड्डा खणून त्यांनी ते पुरले, आणि पुन्हा बुरुजावर चढले.

पाचव्या दिवशी कुमक आली. आरमार बुडाल्याची वार्ता निखालस खोटी होती. हणगोजी पळाला. सरखेलांनी जावजीला तोफेच्या तोंडी देण्याचे फर्मावले. बेड्यांतूनही तो दात खात ओरडला, "तेल्या, तुझ्या पोराचा हात मी खाल्ला!"

हारोबा सरखेलांपुढे लवून म्हणाले, "शिक्षा सरकारची. याच्या बायकामुलांचा निर्वाह मात्र चालू ठेवावा, एवढीच अर्जी."

सोडून दिलेल्या एका गलबताच्या तळात बनाजी सापडला, तापाने फणफणलेला, पण जिवंत. डोली दिंडीतून आत आली.

"आबा, दिंडी?"

"उघडली नाही रे."

बनाजीने डोळे मिटले, डावा हात चाचपडत बापाच्या गालावर नेला आणि तो ओला लागताच म्हणाला, "हे काय? किल्लेदार ना तुम्ही? लोक बघताहेत."

"बघू देत," हारोबा म्हणाले. "गड शाबूत आहे. आता बापाला रडायला मोकळीक आहे."