झाऱ्याची पकड

यांत्रिक हाताने रॅकेट धरली होती. डॉ. इम्तियाज मणेरने ती हलकेच ओढली, तर ती सहज निसटून त्याच्याकडे आली.

"ही कसली पकड? लहान मूलही हिसकावून घेईल," तो म्हणाला.

"घेऊ दे. आता शटल टाक," डॉ. शाल्मली उपळेकर म्हणाली.

त्याने रॅकेट परत त्या हातात ठेवली आणि शटल उडवलं. शटल रॅकेटच्या जाळीला टेकलं त्या क्षणी यांत्रिक बोटं आवळली गेली, फटका सणसणत समोरच्या भिंतीवर गेला आणि बोटं पुन्हा सैल पडली.

"हे बाबा," शाल्मली म्हणाली.

तिचे बाबा, भालचंद्र उपळेकर सर, यांनी सांगलीत दोन पिढ्यांना बॅडमिंटन शिकवलं. पहिल्या दिवशी ते कुणालाच रॅकेट देत नसत. रांगेतल्या प्रत्येक मुलाशी हात मिळवत. मूल नीट हात मिळवू लागलं की आपला हात काढून घेत आणि त्याच जागी रॅकेटची मूठ सरकवत. "हिच्याशी हात मिळव. आवळायचं फक्त फटक्याच्या वेळी," एवढाच त्यांचा धडा. पुढे डोळे मिटूनही, नुसता हात हातात घेऊन, ते कुणाचं पोर आहे ते सांगत.

एका पोरीला मात्र तो धडा कधी आला नाही, आणि ती त्यांच्याच घरची होती. शाल्मली रॅकेट घट्ट धरायची, जिलेब्या तळणारा झारा धरतो तशी. सर तिला चारचौघांत "झारा" म्हणत. पोरं खिदळत. तीही हसायची आणि घरी येऊन चिडून रडायची. शेवटी तिने खेळ सोडला आणि मेंदूचा अभ्यास धरला. घट्टच धरला, असं म्हणायला हरकत नाही.

दोन वर्षांपूर्वी सरांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. चेहरे आणि आवाज ओळखणारी केंद्रं गेली. पत्नी समोर बसून बोलत असायची आणि ते तिला अहो-जाहो करायचे. पण हात हातात दिला की ओळख पटायची. शाल्मली दर रविवारी जायची. ते तिचा हात घ्यायचे, कपाळाला आठ्या घालायचे आणि मग चेहरा उजळायचा, "अगं झारा! केव्हा आलीस?"

आता त्यांच्या बोटांतलं बळही उतरत होतं. म्हणून तिने त्यांची पकड नोंदवून घेतली. बोटांकडे जाणाऱ्या चेतातंतूंतले सगळे संकेत, त्यांच्या क्रमासकट. त्या नोंदीला तिने नाव दिलं पकडलेख; यांत्रिक हात त्याच्यावरच चालत होता. तो दुसऱ्या माणसाच्या मेंदूत उतरवणं म्हणजे पकडरोपण. माकडांवर ते जमलं होतं. माणसावर करायचं बाकी होतं, आणि परवानगीच्या अर्जावर तिने स्वतःचं नाव लिहिलं होतं.

"पुन्हा एकदा ऐक," इम्तियाज म्हणाला. "मेंदूत पकडीची जागा एकच. नवी लिहिली की जुनी पुसते."

"पुसू दे. चुकीचीच होती."

"रॅकेटपुरतं बोलत नाहीये मी. सरांनी पकड शिकवली ती हात मिळवण्यातून. त्यांच्या पकडलेखात दोन्ही एकच आहेत, वेगळे काढता येत नाहीत. पेन, कपबशी, माणसाचा हात, सगळं तू त्यांच्यासारखं धरशील."

"चांगलंच की."

"तुझा जुना लेख तरी घेऊन ठेवू. परत फिरायची वाट राहील."

शाल्मली हसली. "झाऱ्याचा लेख? कशाला जपायचा रे तो? एकदा, फक्त एकदाच, बाबांनी माझा हात धरून 'बरोबर' म्हणावं, एवढंच हवंय मला."

इम्तियाजने यांत्रिक हातातली रॅकेट काढून ठेवली. इथे त्याने हट्ट धरायला हवा होता. पण मैत्रिणीच्या बापाच्या गोष्टीत माणूस किती बोलणार?

रोपण निर्विघ्न पार पडलं. शाल्मलीने रॅकेट उचलली, बोटं आपापल्या जागी गेली, आणि तिचा फटका यांत्रिक हाताच्या फटक्याशी तंतोतंत जुळला. तिला आनंद व्हायला हवा होता. थकवा असेल, असं तिने स्वतःला सांगितलं.

रविवारी ती सांगलीला गेली. सर खिडकीशी बसले होते. त्यांची देखभाल करणाऱ्या शेवंताबाई म्हणाल्या, "सर, तुमची लेक आलीया."

सरांनी हात पुढे केला. शाल्मलीने आपला हात त्यात दिला. ते थोडा वेळ तो तसाच धरून बसले. आठ्या पडल्या नाहीत.

"बरोबर," ते म्हणाले. "अगदी बरोबर. सैल आहे. कुणाकडे शिकलात?"

"तुमच्याकडे, बाबा. मी शाल्मली."

"नाही हो," ते सौम्यपणे म्हणाले, पाहुण्याची चूक सांभाळून घ्यावी तसे. "तिचा हात मी ओळखतो."

शाल्मलीने सगळा जीव एकवटून त्यांचा हात आवळला. बोटं मिटली. सरांनी मान वर केली, कपाळाला बारीक आठी पडली, ओठ हलले. आणि तेवढ्यात तिची बोटं आपणहून सैल पडली. फटका संपल्यावर पडायची तशी. तिने पुन्हा आवळलं. पुन्हा सुटलं. सरांचा चेहरा पूर्ववत झाला.

तिला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. आत काहीच हललं नाही, तिथलीही पकड सैल पडल्यासारखं. शेवंताबाई चहा ठेवून गेल्या आणि तिने कप अलगद, अचूक उचलला.

"एक काम कराल का?" सर म्हणाले. "माझी मुलगी येईल इतक्यात. रविवारी येतेच ती. फार घट्ट धरते हो. मला काही तिला शिकवता आलं नाही. तुम्ही जरा दाखवाल तिला?"

"दाखवीन," शाल्मली म्हणाली.

सरांनी समाधानाने मान हलवली आणि ते दाराकडे बघत बसले. ती त्यांच्या शेजारी बसली आणि तीही दाराकडे बघू लागली.