जर्मनचं दार

ही घटना खरी आहे. पटली नाही तरी चालेल, पण कमेंटमध्ये हसू नका. विनय माझा सख्खा धाकटा भाऊ आहे.

गेल्या वर्षीचा मे महिना. आमचं गाव जैनथ. दुपारचे दोन.

विनयचं तिथे वेल्डिंगचं दुकान होतं. डोमाजी भंगारवाल्यांकडून त्याने कोसळलेल्या एका छोट्या विमानाचं दार आणलं आणि दुकानामागच्या खोलीला बसवलं. आमच्याकडे ॲल्युमिनियमला जर्मन म्हणतात. विनयला वाटलं, हेही स्वयंपाकघरातल्या गंजासारखं, म्हणजे पातेल्यासारखं, मऊ जर्मन.

"जर्मन नोय ते," डोमाजी म्हणाले होते. "ड्युरालुमिन म्हंते त्याले. हलकं जर्मनसारखं, पन घनालेबी आयकत नाई."

"लय शिकले काका तुमी!" विनय हसला होता.

तिसऱ्या दिवशी मी त्याचा डबा घेऊन गेले. तो रॉड आणायला खोलीत शिरला.

दार लागलं...

वारा नव्हता.

मग आतून आवाज आला... धाड!

"विनय, मस्करी पुरे. जेवून घे."

धाड! धाड! पत्रा बाहेरच्या बाजूला फुगला. त्यावर पंजा उमटला... पाचही बोटं.

"ताई! माह्ये हात सोडायले सांग त्याले! ताई!"

खोलीत विनयशिवाय कुणीच नव्हतं.

मी मूठ ओढली. दार हलेना. शेजारचे मारोतीभाऊ घन घेऊन धावले. त्यांनी जीव खाऊन दहा घाव घातले, बाहेरून साधा पोचा पडला नाही. आतून मात्र पंजावर पंजा उमटत होता. खालच्या फटीतून रक्त आलं. मी त्या दाराला लाथा घातल्या, आयुष्यात कधी दिल्या नाहीत अशा शिव्या दिल्या.

शेवटी आम्ही विटांची भिंत फोडली.

विनय दारापाशी गुडघ्यांवर होता. तळव्यांची हाडं बाहेर आली होती. तरी हात पत्र्यावर आपटतच होते... आम्ही दोघांनी मिळून धरले तेव्हा थांबले.

दवाखान्यात तो म्हणाला, "मी नाई ठोकलं, ताई. त्यानं माह्ये हात वापरले. त्याले बाहेर याचं होतं."

"मंग आला काय?" मारोतीभाऊंनी विचारलं.



डॉक्टरांनी दोन्ही पंजे कापले. चोवीस वर्षांचा माझा भाऊ! दुकान बंद झालं. मी रोज त्याला घास भरवते. भरवताना तो माझ्याकडे बघत नाही... माझ्या मागे बघतो.

काल पहिल्यांदा त्याने घास नाकारला. हळूच म्हणाला...

"ताई, तुह्ये हात सांभाळ."