पट्टी नसलेला टँकर

ज्याला हे खोटं वाटेल त्याने खुशाल इथेच थांबावं. मला कुणाला पटवायचं नाही. मी तिथे उभा होतो, माझ्या कानांनी ऐकलं, आणि आज इतकी वर्षं झाली तरी आठवलं की डोकं तापतं.

मार्च १९९१. सौदीत कुवेतच्या रस्त्यावर नुऐरिया नावाचं गाव आहे. त्याच्या बाहेर आमच्या कंपनीचं गॅरेज होतं. लढाई नुकतीच थांबली होती, पण कुवेतच्या तेलविहिरी जळत होत्या. वारा आमच्या बाजूला फिरला की दिवसाढवळ्या काळोख व्हायचा. दिवे लावल्याशिवाय समोरचा माणूस दिसायचा नाही.

रात्रीची गोष्ट नाही ही. भर दुपारची आहे.

मी तिथे इलेक्ट्रिशियन होतो. माझ्या शोभनाताईचे यजमान गोपीनाथ भाऊजी, त्यांना मीच तिकडे बोलावून घेतलेलं. महाडच्या एसटी डेपोतले मेकॅनिक. हात सोन्यासारखा, पण सौदीत नवे. अरबी अजिबात येत नव्हतं.

फोरमन राजाभाऊ. आपलाच मराठी माणूस, म्हणून तर जास्त संताप येतो! पंधरा वर्षं तिकडे काढली आणि स्वतःला कफीलचा, म्हणजे तिथल्या अरब मालकाचा, सख्खा भाऊ समजायला लागला. कामगारांशी बोलताना निम्मं अरबी फेकायचा.

त्या सकाळी पाण्याचा टँकर लष्कराच्या छावणीला जायचा होता. भाऊजींनी बोनेट उघडलं. डिपस्टिक, म्हणजे इंजिनातलं ऑइल मोजायची पट्टी, बाहेर ओढली.

कोरडी ठणठणीत.

"राजाभाऊ, ऑइल खलास!" भाऊजी ओरडले आणि ऑइल आणायला स्टोअरकडे गेले.

आता नीट ऐका. आपल्याकडे खलास म्हणजे संपलं. तिकडे कामगारांच्या बोलण्यात खलास म्हणजे काम झालं, आटपलं. शब्द एकच.

तेवढ्यात ड्रायव्हर हुसेनमियाँ आले. दाभोळचे. बोलायला गोड माणूस. त्यांनी विचारलं, "राजाभाऊ, ऑइल बघितला काय?"

"खलास, खलास! यल्ला, निघा!" राजाभाऊ म्हणाला.

मी पलीकडे बॅटरी चार्जिंगला लावत होतो. दोन्ही बोलणी ऐकली. पण माझ्या डोक्यात प्रकाश पडेपर्यंत टँकर फाटकाबाहेर गेला होता. भाऊजी तिकडे स्टोअरच्या कुलपासमोर उभे होते.

वाटेत इंजिन जाम झालं. हुसेनमियाँ उतरले, बोनेट उघडून बघत होते. धुराचा काळोख. मागून ट्रेलर आला आणि टँकरला धडकला. टँकर त्यांच्या अंगावर गेला.

ते सापडले तेव्हा पट्टी त्यांच्या हातात होती.

आणि राजाभाऊने पोलिसांना काय सांगितलं? "मेकॅनिकने खलास म्हटलं. मी समजलो, ऑइल भरून झालं. चूक मेकॅनिकची."

मी तावातावाने खरं सांगायला गेलो. पण पोलिसांना माझं बोलणं अरबीत कोण समजावणार? राजाभाऊ! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. मी पाच मिनिटं बोललो, त्याने दोन शब्दांत आटोपलं. पोलिसाने मान हलवली आणि भाऊजींचा इकामा, म्हणजे तिकडे राहायचा परवाना, खिशात घातला. चौकशी संपली की त्यांना तुरुंगात नेणार होते.

भाऊजी खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. "कमलाकर, ताईला कळवू नकोस," एवढंच म्हणायचे. मी ताईला काय तोंड दाखवणार होतो?

चेंबलेला टँकर ओढून आवारात आणून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिथेच सावलीला जेवत बसलो होतो. वारा फिरला. बघता बघता काळोख झाला.

आणि मग...

सर्रर्र.

पट्टी ओढल्याचा आवाज. गॅरेजात काम केलेल्या माणसाला तो झोपेतही कळतो.

मग... फडक्याने पुसल्याचा.

मग पट्टी परत आत. परत बाहेर. ऑइल असंच बघतात. पहिल्यांदा ओढायची ती पुसायला, दुसऱ्यांदा बघायला.

"कोण आहे रे?" मी ओरडलो.

आवाज थांबला.

मी टॉर्च घेऊन पुढे गेलो. कुणी नव्हतं. वाकडं झालेलं बोनेट, काळं इंजिन. कुणीतरी भंकस करतंय म्हणून मी चिडलो आणि पट्टीच्या जागी टॉर्च मारला.

नुसतं भोक होतं.

पट्टी पोलिसांकडे होती हे मला तेव्हा आठवलं. हातातली भाकरी तिथेच पडली.

मी कुणाला काही बोललो नाही. भाऊजी आधीच खचलेले.

त्यानंतरच्या जुम्म्याच्या आदल्या दिवशी पोलीस भाऊजींना न्यायला आला. भाऊजी पिशवी घेऊन आवारात उभे. मी राजाभाऊची कॉलर धरली. "बोल ना खरं! दोन लहान पोरं आहेत त्यांना!"

"मला काय माहीत त्याला काय म्हणायचं होतं?" तो म्हणाला.

मी हात उगारला. आणि उजेड गेला.

सर्रर्र...

माझा हात वरच राहिला. राजाभाऊची मान टँकरकडे वळली. म्हणजे त्यालाही ऐकू आलं होतं.

पुसल्याचा आवाज. पट्टी आत. पट्टी बाहेर.

मग बोनेटमागून... अगदी शांत आवाजात...

"राजाभाऊ, ऑइल बघितला काय?"

पोलीस आमच्याकडे नुसता बघत होता. भाऊजीसुद्धा. त्या दोघांना काहीच ऐकू येत नव्हतं.

"राजाभाऊ, ऑइल बघितला काय?"

राजाभाऊ मागे सरायला बघत होता. माझ्या मुठीत त्याची कॉलर होती, मला कळत होतं.

तिसऱ्यांदा आवाज जवळून आला. आमच्या दोघांच्या मधून. गरम ऑइलचा वास आला.

"मला कळलं होतं हो मियाँ!" राजाभाऊ किंचाळला. इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून इतकं स्वच्छ मराठी मी ऐकलं नव्हतं. "ऑइल नव्हतं, मला कळलं होतं! स्टोअरची चावी खोलीवर राहिली होती... परत जायचा कंटाळा आला... वाटलं, एक खेप निघेल!"

चावी आणायचा कंटाळा! एवढ्यासाठी माणूस गेला!

मग तो पोलिसाकडे वळला आणि सगळं अरबीत सांगत सुटला. मला एक अक्षर समजलं नाही. पण पोलिसाने खिशातून भाऊजींचा इकामा काढून त्यांच्या हातात दिला, आणि राजाभाऊचा दंड धरला.

भाऊजी सुटले. संध्याकाळी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. सगळे म्हणाले, देवाने पाहिलं.

माझा राग मात्र उतरेना. राजाभाऊवरचा नव्हे. तो गेला त्याच्या कर्माने.

मी उठलो आणि टँकरसमोर जाऊन उभा राहिलो. आजूबाजूला कुणी नव्हतं.

"मियाँ," मी ओरडलो, "मेल्यावर तीनतीनदा विचारता? त्या सकाळी दुसऱ्यांदा का नाही विचारलंत? वीस वर्षं गाडी चालवली, एकदा स्वतः बोनेट उघडलं असतंत तर आज माझ्याबरोबर जेवायला बसला असतात! कसली घाई होती तुम्हाला?"

मला रडू फुटलं.

टँकरचं ड्रायव्हरच्या बाजूचं दार अपघातात वाकून उघडंच राहिलं होतं. दोघांनी जोर लावूनही ते हलत नव्हतं.

ते... आतून कुणीतरी हळूच ओढून घेतलं.

त्यानंतर तो आवाज कधीच आला नाही. लोक म्हणतात, त्यांना शांती मिळाली. मला तसं वाटत नाही. मला वाटतं, मी बोललो ते त्यांना लागलं. आणि त्यांची माफी कुठे जाऊन मागायची, ते मला अजून कळलेलं नाही.